शिरतं कुठे, ठिबकतं कुठे

आषाढातली एखादी सकाळ धरा. रात्रभर नाशिकचा तो नेहमीचा पाऊस झालाय. कोसळला असं म्हणवत नाही, पहाटेपर्यंत नुसता भुरभुरत राहिला. फाटकाच्या आत गाडी उभी आहे. प्रीमियर पद्मिनी, करड्या रंगाची, वय चाळिशीच्या आसपास. तुमच्याकडे पद्मिनी नसेल तर अँबेसेडर धरा, जुनी जीप धरा. नाहीतर तासाभरासाठी माझीच घ्या. किल्ली हातात आहे. दार उघडा, पण लगेच आत बसू नका. आधी नाक पुढे करा.

कुबट वास येतोय? ओल्या गोणपाटासारखा, माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या गादीसारखा? जुन्या गाडीत पाणी शिरलंय हे पहिल्यांदा नाकाला कळतं. डोळ्यांना त्यानंतर, आणि मालकाच्या मनाला सगळ्यांत शेवटी. मी एक अख्खा पावसाळा त्या वासाला ‘जुन्या गाडीचा वास’ म्हणत होतो. आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचोसुद्धा.

आता वाका. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचला. खाली जाड फेल्ट आहे. त्यावर तळवा ठेवा आणि दाबा. बोटांच्या फटींतून गार पाणी वर आलं तर हात झटकन काढून घेऊ नका, राहू द्या तिथेच. पाणी बोटांना तुपकट लागतंय का? लागत नसेल. थंड देशांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना इथे आणखी एक शंका असते. त्यांच्या गाडीत हीटर असतो, इंजिनचं गरम पाणी नळीने आत येतं, आणि ती नळी गळली तरी पाय भिजतात. माझ्या फियाटला हीटर नाही, त्यामुळे तो संशयित आपोआप सुटला. कसारा घाटात रेडिएटर उकळून जे पाणी जायचं ते बाहेर जायचं. त्यासाठी डिकीत कायम एक कॅन. हाताखालचं हे पाणी मात्र आभाळाचं आहे.

मनात पहिला विचार येईल तो सिलिकॉनच्या ट्यूबचा. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, काचेच्या कडेने एक रेघ ओढली की काम झालं. हा विचार येऊ द्या. त्याला हाकलायचं नाही, आणि त्याच्यामागे दुकानातही जायचं नाही. शेजारच्या सीटवर बसू द्या त्याला. माझ्या गाडीच्या पुढच्या काचेभोवती अशा तीन रेघा निघाल्या, तीन मालकांच्या, एकीवर एक. सर्वांत वरची माझी होती.

माझं लहानपण जुन्या नाशकातल्या एका कौलारू वाड्यात गेलं. मृग लागायच्या आत दरवर्षी शाकारणी व्हायची. शाकारायला येणारे बाबा आले की आधी छपरावर चढत नसत. माजघरात यायचे आणि आजीला विचारायचे, “माई, पातेलं कुठं ठेवता?” आजी जागा दाखवायची. ते त्या जागेवर उभे राहून वर बघायचे. मग वाशाच्या कडेकडेने नजर सावकाश आढ्याकडे न्यायचे आणि दोन-तीन हात पलीकडलं एखादं कौल काठीने टोकायचे. फुटकं तेच निघायचं. पाणी कौलाच्या फटीतून शिरतं, रिपेवर उतरतं, वाशाच्या पोटाला चिकटून चालत राहतं आणि वाशाला जिथे गाठ असेल तिथे अडखळून थेंब धरतं. आजीचं पातेलं त्या गाठीखाली असायचं.

तुमच्या तळव्याखालची ओली जागा म्हणजे ते पातेलं. फुटकं कौल तिथे नाही.

ताक ओतताना बघितलंय ना? भांडं झटकन तिरकं केलं तर धार नीट पेल्यात पडते. हळू ओतलं की ताक भांड्याच्या पोटाला चिकटून मागे ओघळतं आणि ओटा खराब होतो. पाण्याला पृष्ठभाग सोडवत नाही. पत्र्याच्या खालच्या बाजूनेही ते चालतं, उलटं लटकून, मुंगीसारखं. आणि दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जिथे स्पॉट-वेल्ड केलेले असतात तिथे तर ते वरही चढतं, समईच्या वातीत तेल चढतं तसं. कारखान्यात असताना या सांध्यांत सीलर भरलेला असतो. चाळीस वर्षांत तो वाळतो, आकसतो, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. वातीला तेवढ्या पुरतात.

मॅट तशीच उघडी ठेवा. मी गाडीविषयी थोडं सांगतो तोवर.

फियाटने १९५३ साली इटलीत ‘११००/१०३’ आणली तेव्हा तिच्या खालची वेगळी चेसिस काढून टाकली होती. पत्र्याचं पोट, खांब आणि छप्पर मिळूनच गाडीचा सांगाडा. हीच गाडी आपल्याकडे आली आणि तिच्या लांबट नाकामुळे लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं. पुढे १९६४ची डिलाइट आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. बनायची कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. आम्हा नाशिककरांना वालचंद दुसऱ्या वाटेनेही माहीत असतात: मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात माळरानावर ऊस लावून साखर कारखाना काढला तो त्यांनीच, आणि त्या साखरेची रावळगावची गोळी खाल्ली नाही असं मूल आमच्या पिढीत नव्हतं. पद्मिनीचं उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबलं. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या बातमीच्या दिवशी आमच्या गल्लीतली दोन पोरं माझ्या गाडीजवळ फोटो काढून गेली. एकाने विचारलं, “काका, ही अजून चालते?” मी म्हटलं, चालते रे, गळतेही.

हे सगळं सांगायचं कारण ते पोट. जीपला खाली लोखंडी चौकट असते. पोटाचा पत्रा सडला तर पाय भिजतील, पण जीप जीप राहील. पद्मिनीचं पोट सडलं की गाडीचा कणाच गेला. फेल्ट जूनमध्ये भिजतं आणि दिवाळीपर्यंत ओलं राहतं. वरून मॅट, त्यामुळे ऊनही लागत नाही. पत्र्याला पाणी आणि हवा दोन्ही मिळत राहतात. तळव्याखाली गार लागतंय ते हे. डेंटर लोक अशा पोटात पेचकस खुपसून बघतात; आत शिरला तर मान हलवतात आणि आकडा सांगतात.

फेल्ट काढा. सगळं. गच्चीवर वाळत घाला. पत्रा फडक्याने टिपा, दारं उघडी टाका, दोन दिवस जाऊ द्या. ओल्या गाडीत गळती शोधणं म्हणजे रडून झालेल्या माणसाला घाम येतोय का ते बघणं. आणि हो, आधी स्वतःवर संशय घ्या. एकदा मागच्या सीटखाली तळं बघून मी हादरलो होतो. अर्धा दिवस मागच्या काचेचं रबर तपासल्यावर आठवलं की आदल्या संध्याकाळी तिथे माझीच ओली छत्री होती.

गाडी वाळली. आता पाऊस हवा.

नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पंचेचाळीसेक किलोमीटरवर घाटमाथ्यावरचं इगतपुरी तीन हजारांच्या पुढे जातं. नाशकात वर्षानुवर्षं कोरडी वाटणारी गाडी इगतपुरीला एका चहाच्या वेळात सगळं कबूल करते. पण तिथे पाणी एवढ्या बाजूंनी येतं की कुठून आलं हे कळायला वावच उरत नाही. म्हणून पहिली बैठक घरच्या भुरभुरीतच करा.

आत बसा. दार लावून घ्या, काचा वर. रेडिओ नको, मोबाइल घरात. बॅटरी हातात ठेवा, पण लावू नका अजून. पाठ टेका.

पहिली पाच मिनिटं छपराचाच आवाज ऐकू येईल. जुन्या फियाटचं छप्पर पातळ नाही, पण त्यावर पावसाचा ताशा छान वाजतो. वाजू द्या. थोड्या वेळाने कान त्याला सरावतात आणि त्याच्या मागचे आवाज वर येतात. पुढच्या काचेवरून ओघळ खाली जाऊन वायपरच्या पायथ्याशी गोळा होतात, ती बारीक खळखळ. दारांच्या आत, पत्र्याच्या पोकळीत, काहीतरी टपटपतंय. दचकू नका, त्याच्याकडे पुढे येऊ. आणि मग, बराच वेळ काहीच वेगळं नसताना, पायाजवळ कुठेतरी एक टप.

तिकडे लगेच झेप घेऊ नका. दुसऱ्या थेंबाची वाट बघा. मनात आकडे मोजा. माझ्या गाडीत पहिल्या दिवशी तो एकोणीसला पडत होता, पाऊस वाढला की अकराला. अंतर पावसाबरोबर लगोलग बदललं तर वाट छोटी आहे, फट जवळ आहे. पाऊस थांबून दहा मिनिटं झाली तरी थेंब त्याच चालीने पडत असेल तर वर कुठेतरी पाणी साठतंय आणि तिथून ते फुरसतीने येतंय. माझा दुसऱ्या जातीचा निघाला.

गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. पूर आला की नाशिककर एकमेकांना पाणी किती फूट चढलं ते विचारत नाहीत. मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. नदीच्या मोजमापाला एक न हलणारी मूर्ती लागते. गाडीतही तसं काहीतरी लागतं. मी रांगोळी वापरली. डॅशबोर्डखाली, दारांच्या उंबऱ्यावर, पोटाच्या पत्र्यावर चिमटीने रांगोळीच्या रेघा घातल्या. कोरड्या पत्र्यावर पांढरी भुकटी भुरभुरली की मग पाणी कुठूनही येवो, रेघ ओलांडताना तिथे राखाडी वाट उमटवून जातं. तुम्ही झोपला असाल, कामावर असाल, तरी. (आमच्या घरातलं मत: “दारातल्या रांगोळीला हात लावत नाहीत, आणि गाडीत बघा!”)

मला सकाळी डॅशखालच्या रांगोळीत एकच खड्डा दिसला, सुपारीएवढा. रेघ कुठे ओलांडलेली नव्हती. म्हणजे पाणी वाहत आलं नव्हतं, वरून पडलं होतं. वर बॅटरी मारली तर तिथे वायरींचा जुडगा. जुन्या गाडीत या वायरी कापडी टेपने बांधलेल्या असतात आणि क्लचच्या वरच्या अंगाला त्यांची झोळी लोंबते. झोळीच्या तळाशी थेंब. वाशाची गाठ सापडली.

आता कौल शोधायचं. त्याला पाण्याची नळी आणि एक विश्वासू माणूस लागतं. बायको आत बॅटरी घेऊन बसली, मी बाहेर नळी घेऊन. इथे दोन पथ्यं आहेत आणि दोन्ही मनाविरुद्ध आहेत. नळीच्या तोंडावर बोट दाबून फवारा मारायचा नाही. जोराच्या पाण्याने चांगलं रबरही हार मानतं आणि तुम्हाला नसलेल्या फटी सापडतात. धार घरच्या पावसाइतकी मवाळ. आणि सुरुवात खालून. छपरावर पाणी सोडलं की ते सगळीकडूनच उतरतं आणि सगळेच गुन्हेगार दिसतात. आधी दाराचा उंबरा, पाच मिनिटं. मग दाराची कड. मग काचेचा खालचा कोपरा, पुन्हा पाच मिनिटं. एक जागा संपल्याशिवाय दुसरी नाही.

पाच मिनिटं एकाच जागी मवाळ धार धरून उभं राहणं सोपं नाही. करून बघा. दुसऱ्या मिनिटाला वाटतं की इथे काही नाही. तिसऱ्याला शेजारचे बघून जातात. चौथ्याला हात आपोआप वर सरकायला लागतो. त्याला परत आणा. माझे तासभर असेच गेले: खालचे दोन्ही कोपरे निर्दोष, वायपरच्या खुंट्या निर्दोष, खालची कड निर्दोष. मग काचेचा डावा वरचा कोपरा. चौथं मिनिट उलटलं आणि आतून आवाज आला, “अहो, थांबा! आलं. नाही, नळी नका हलवू, थांबा म्हणतेय ना!”

शिरत होतं डावीकडे वर, ठिबकत होतं उजवीकडे खाली. मधली वाट काच काढल्यावर दिसली. रबर वयाने कडक झालं होतं, वरच्या कोपऱ्यात ते पत्र्याच्या ओठापासून नखभर सुटलं होतं. तिथून आत गेलेलं पाणी रबराच्या पोटातल्या खाचेतून, पन्हळीतून यावं तसं, काचेच्या कडेने खाली उतरत होतं. पूर्वी ते खालच्या कडेने आपसूक बाहेर पडत असेल. पण खालच्या कडेला तीन मालकांचं सिलिकॉन. बाहेरची वाट बंद, म्हणून पाणी खाचेत साठून राहिलं, पाऊस थांबल्यावरही. वर्षानुवर्षं साठलं, पत्र्याचा ओठ खालच्या अंगाला गंजून त्याला मसुराएवढं भोक पडलं आणि पाण्याला आतली वाट मिळाली. भोकातून डॅशच्या मागे, तिथून वायरींवर, वायरींवरून माझ्या बुटावर. पाणी आत येऊ नये म्हणून ओढलेल्या रेघेने पाण्याला बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

इथे थोडं थांबू या. घाई नाही, काच बाहेर आहे, पत्रा वाळतोय.

आमच्या कॉलनीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. रोज संध्याकाळी फिरून येताना माझ्या उघड्या गाडीपाशी ठरलेला थांबा. त्यांना मी ही काचेची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले आणि गंगापूर धरणावर घसरले. गोदावरीवरचं हे आपलं धरण मातीचं. साहेब म्हणाले, मातीचं धरण पाझरतंच. पाझरणार नाही असं मातीचं धरण कुणी बांधत नाही, बांधताही येत नाही. मधे चिकणमातीचा गाभा असतो तो पाण्याची चाल मंद करतो; त्याच्या मागे वाळूचा गाळणीसारखा थर, आणि पायथ्याशी चर, आलेलं पाणी नीट बाहेर न्यायला. चराच्या तोंडाशी इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच कापलेली पाटी असते, तिच्यावरून किती उंचीने पाणी वाहतंय ते रोज वहीत लिहायचं. “मग काळजी केव्हा करायची?” मी विचारलं. म्हणाले, पाणी येतंय म्हणून नाही करत. जास्त आलं तर बघतो. गढूळ आलं तर पळतो. गढूळ म्हणजे धरणाची माती सुटून येतेय.

साहेब गेल्यावर मी डॅशखाली लावलेली वाटी बघितली. पाणी विटकरी होतं.

तुम्हीही बघा तुमच्या वाटीत. नितळ असेल तर पाणी रबरातून किंवा दारातून सरळ आलंय, तुमच्या हातात वेळ आहे. तांबूस असेल तर वाटेत कुठेतरी गाडी स्वतःच विरघळून त्यात येतेय.

मागच्या पोटातही ओल होती. ती मात्र दुसरीच गोष्ट निघाली, आणि ती मला शोधता आली नाही. सारडा सर्कलच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी नळीचा, रांगोळीचा सगळा इतिहास सांगायला लागलो. ते ऐकत ऐकत सायकलचा एक स्पोक घेऊन खाली बसले, मागच्या दाराच्या बुडाशी बोटाने चाचपलं आणि स्पोक आत घातला. दारातून भळभळ पाणी आलं, काळं, पानांचा चोथा असलेलं. भरून एक तांब्या. चाचांनी बाजूला सरकून पाय वाचवले आणि म्हणाले, “भाऊ, हा दोन वर्षांपूर्वीचा पाऊस आहे.”

मघाशी दारात टपटप ऐकू आली होती ना, ती आठवा. गाडीचं दार आत पाणी येणार हे धरूनच बनवलेलं असतं. काच खाली-वर होते म्हणजे तिच्या बाजूला फट असणारच. काचेवरून ओघळलेलं पाणी त्या फटीतून दाराच्या पोकळीत उतरतं. बुडाशी दोन-तीन लांबट भोकं असतात, त्यातून ते रस्त्यावर जातं. आतल्या पुठ्ठ्यामागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, शिंतोडे आत येऊ नयेत म्हणून. एवढीच व्यवस्था. माझ्या दारांची भोकं बुजली होती. कशाने? दोन वर्षांपूर्वी मीच एका ठिकाणी गाडीला खालून डांबरी कोट मारून घेतला होता, गंजापासून संरक्षण म्हणून. मारणाऱ्याने मन लावून मारला. एक भोक सोडलं नाही. पाणी दारात चढत गेलं, कागदाच्या फाटक्या कोपऱ्यापर्यंत पोचलं आणि आत आलं.

खाली वाका आणि तुमच्या गाडीच्या दारांच्या बुडावरून बोट फिरवा. चारही दारं. भोकं बोटाला लागतील. माती असेल, वाळकं पान असेल, कुणाचा तरी मन लावून मारलेला रंग असेल. लाकडी काडीने मोकळं करा. तार घातलीत तर रंग खरवडतो आणि नवीन गंज सुरू होतो. (चाचांच्या स्पोकबद्दल मला तेव्हा काही बोलवलं नाही.)

काच बसवणं मात्र बघण्यासारखं असतं, तेवढं बघून मग उठा. पत्र्याचा ओठ घासून लोखंड उघडं केलं. सडलेला तुकडा कापून नवा जोडला, रेड ऑक्साइड लावला, वर रंग, आणि दोन दिवस नुसतं वाळणं. मुंबईहून मागवलेलं रबर उन्हात ठेवून मऊ केलं. ते आधी काचेवर चढवलं, आणि मग रबराच्या बाहेरच्या खाचेत, जी पत्र्यावर बसायची असते तिच्यात, चाचांनी एक सुती दोरी सगळीकडून फिरवून घेतली. खाचेत दोरी दिसेनाशी झाली, दोन टोकं तेवढी खाली मधोमध लोंबत राहिली. साबणाचं पाणी. काच दोघांनी उचलून जागेवर टेकवली, टोकं आत घेतली. एक पोरगा बाहेरून तळव्याने काच दाबून उभा. चाचा आत बसले आणि त्यांनी दोरी ओढायला सुरुवात केली, पत्र्याला समांतर, एका वेळी चार बोटं. दोरी बाहेर येते तसा रबराचा ओठ तिच्यामागून उलगडतो आणि पत्र्यावर आपणहून उलटतो, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा. मध्येच चाचा थांबायचे, आतून काचेवर टिचकी मारायचे. पोरगा तळवा तिथे सरकवायचा. बोलणं नाही. वरचा डावा कोपरा आला तेव्हा त्यांनी दोरी सोडून दिली, हात पुसले, चहा मागवला. चहा झाल्यावर तेवढा कोपरा वेगळा ओढला. मी कारण विचारलं नाही.

रबराखाली त्यांनी न वाळणारा मऊ सीलर पातळसा भरला, फक्त वरच्या तीन बाजूंना. खालची कड मोकळी.

आता परत घरी, परत आषाढ. फेल्टऐवजी मी सध्या नुसती मॅट टाकलीय, म्हणजे उचलून बघता येतं. वायरी कोरड्या आहेत. रांगोळीची रेघ चौथ्या दिवशीही शाबूत. मात्र पुढच्या दारातल्या त्या तिकोनी छोट्या काचेतून इगतपुरीच्या पुढे गेलं की अजून एक थेंब येतो. गाडी उभी असताना येत नाही. साठच्या वर गेली, वारा तिरका लागला, की येतो आणि बरोबर माझ्या उजव्या कोपरावर पडतो. ती काच म्हणजे फियाटचा पंखा, फिरवली की वाऱ्याचा झोत सरळ तोंडावर. जिथून एवढा वारा येतो तिथून थोडं पाणी येणार. चाचांनी तिचं रबर बदलू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हटलं. थेंब नितळ आहे.

पाऊस थांबलाय. दार उघडून बाहेर या, पण घरात जाऊ नका लगेच. गाडीशेजारी उकिडवं बसा आणि खाली बघा. चारही दारांच्या बुडातून पाणी येतंय. पुढच्या दारांतून भरभर, मागच्यांतून सावकाश, आणि काचेच्या खालच्या कडेवरून बॉनेटच्या बाजूने एक बारीक ओघळ. फरशीवर ठिपक्यांच्या रांगा पडल्यात, गाडीच्या दोन्ही अंगांना. रांगोळीत ठिपके मांडतात तशा, पण तितक्या सरळ नाहीत. माझी गाडी अशी बारा-पंधरा मिनिटं गळते. मी मोजतो. एक, दोन, तीन. सहाला मागचं डावं.